पापणीच्या कडेला दडलेला आजार

फजरला उठल्यावर डोळे चिकटलेले असतात. पापण्यांच्या केसांना पिवळसर खपल्या धरलेल्या असतात. वुजू करताना तोंडावर पाणी घेतले की थोडे बरे वाटते. पण थोड्याच वेळात डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर पुन्हा सुरू होते. वाचायला बसले की अक्षरे पुसट होतात, पापण्या दोन-तीनदा मिटल्या की पुन्हा स्पष्ट दिसतात. घरातले सांगतात, "डोळे आलेत, थेंब घाला." मेडिकलमधून थेंब येतात, चार दिवसांत लाली जाते आणि महिन्याभरात सगळे पहिल्यासारखे होते. मग पुन्हा तीच बाटली.

डोळे आले तर ते एक-दोन आठवड्यांत बरे होतात. वर्षभर अधूनमधून येत-जात राहणारी ही तकलीफ बहुतेक वेळा वेगळीच असते. ती पापणीच्या कडेची सूज असते. डॉक्टर तिला ब्लेफरायटिस म्हणतात. मोठ्या माणसांत हा आजार सर्रास आढळतो. तो सहसा नजर घालवत नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. तरीही त्याचे निदान वेळेवर आणि नीट व्हायला हवे, याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, निदान न करता घातलेले थेंब नजरेचे कायमचे नुकसान करू शकतात. दुसरे, पापणीचा एक गंभीर आजार अगदी याच रूपात समोर येतो. या लेखात आपण मोठ्या माणसांमधील निदानाविषयीच बोलू. लहान मुलांच्या डोळ्यांचा विषय वेगळा आहे.

कड म्हणजे नेमके काय?

मराठीत आपण डोळ्याच्या झाकणालाही पापणी म्हणतो आणि त्यावरच्या केसांनाही. इथे पापणी म्हणजे झाकण. या झाकणाची कड जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असते. कडेच्या पुढच्या बाजूला केसांची रांग असते. मागच्या बाजूला, म्हणजे बुबुळाला टेकणाऱ्या अंगाला, टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांची दुसरी रांग असते. ही छिद्रे तेलग्रंथींची तोंडे आहेत. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात.

आपण पापणी मिटतो तेव्हा या ग्रंथींतून थोडेसे पातळ तेल बाहेर येते आणि डोळ्यातल्या अश्रूंवर पसरते. त्या थरामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. तेल घट्ट झाले किंवा तोंडे बुजली की अश्रू भराभर उडून जातात, डोळा कोरडा पडतो आणि चुरचुरतो. अशा माणसाच्या डोळ्यांतून उलट पाणीही वाहते, कारण कोरडेपणाने चिडलेला डोळा जादा पाणी सोडतो. "डोळ्यांतून पाणी येते आणि तुम्ही कोरडेपणा म्हणता?" हा प्रश्न नेत्रतज्ज्ञांना नेहमी ऐकावा लागतो, त्याचे उत्तर हे असे आहे.

डॉक्टर काय विचारतात?

या आजाराच्या निदानाला सहसा रक्त तपासावे लागत नाही आणि स्कॅनही लागत नाही. निम्मे निदान विचारपुशीतूनच होते. त्यामुळे दवाखान्यात जाण्याआधी पुढच्या गोष्टी मनाशी ठरवून ठेवाव्यात.

त्रास सकाळी जास्त होतो की संध्याकाळी? पापणीच्या कडेच्या सुजेत तो बहुधा सकाळी उठल्यावर जास्त असतो. अश्रूच कमी बनत असतील तर दिवस जातो तसा त्रास वाढत जातो.

दोन्ही डोळ्यांना आहे की एकालाच? ब्लेफरायटिस बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतो. एकाच पापणीला महिनोन्‌महिने त्रास असेल तर डॉक्टर अधिक सावध होतात.

वारंवार रांजणवाडी येते का? पापणीत न दुखणारी गाठ होऊन गेली आहे का? दोन्हींचे मूळ पापणीच्या ग्रंथींत असते. पुन्हापुन्हा रांजणवाडी येणाऱ्याने रक्तातील साखरही एकदा तपासून घ्यावी.

डोक्यात, भुवयांत, दाढीत कोंडा आहे का? गाल आणि नाक वारंवार लाल होऊन गरम वाटतात का? हे दुसरे लक्षण रोझेशिया या त्वचाविकाराचे असते. सावळ्या रंगावर ती लाली चटकन दिसत नाही, म्हणून आपणहून सांगावे.

कामधंदा काय आहे? यंत्रमागावर कापसाचा तूस उडतो, सुतारकामात भुसा उडतो. आखातात नोकरी करणारी आपली माणसे दिवसभर एसीच्या कोरड्या हवेत बसतात. शिवणकाम, जरीकाम करणारे आणि तासन्‌तास मोबाइल पाहणारे पापण्या कमी वेळा मिटतात. यांनी आजार होतोच असे नाही; पण असलेला त्रास वाढतो.

कोणती औषधे चालू आहेत? मुरुमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी पापणीच्या तेलग्रंथी सुकतात. आतापर्यंत घातलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या आणि मलमाच्या नळ्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात. नाव आठवत नाही म्हणून "निळ्या झाकणाची बाटली" असे सांगण्यापेक्षा ते बरे.

डोळ्यांदेखत होणारे निदान

बगदादमध्ये साधारण हजार वर्षांपूर्वी अली इब्न ईसा नावाचे नेत्रवैद्य होऊन गेले. 'तज़किरतुल कह्हालीन' या त्यांच्या ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात डोळ्याची रचना, दुसऱ्यात बाहेरून दिसणारे रोग आणि तिसऱ्यात आतले, न दिसणारे रोग. पापणीचे रोग दिसणाऱ्या रोगांत मोडतात. आजही पापणीच्या कडेचे निदान पाहूनच होते, फरक इतकाच की मदतीला स्लिट लॅम्प आला आहे.

स्लिट लॅम्प म्हणजे प्रकाशाची बारीक फीत टाकणारे सूक्ष्मदर्शक यंत्र. हनुवटी टेकवून बसायचे, डॉक्टर समोरून पाहतात. दुखत नाही, काही टोचत नाही, पाच-दहा मिनिटांत तपासणी होते. नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात आणि जिल्हा रुग्णालयांच्या नेत्र विभागात हे यंत्र सहसा असते. पडदा पाळणाऱ्या भगिनींना महिला डॉक्टर मागता येतात. मात्र डॉक्टरांना भुवया, गाल आणि नाकाच्या बाजूची त्वचाही पाहावी लागते, कारण पापणीच्या सुजेचे कारण अनेकदा चेहऱ्यावर सापडते. एवढ्या संकोचापोटी वर्षानुवर्षे चुरचुर सोसणाऱ्या अम्मी आणि खाला आपल्या ओळखीत असतील. त्यांना सोबत घेऊन जाणे हे घरच्यांचे काम आहे.

डॉक्टर आधी केसांची मुळे पाहतात. केसाभोवती कडक, ठिसूळ खपल्या असतील, त्या काढल्यावर बारीक जखम दिसत असेल, काही केस गळालेले, वाकडे उगवलेले किंवा पांढरे झालेले असतील, तर त्वचेवरच्या स्टॅफिलोकॉकस जंतूंचा हात असण्याची शक्यता जास्त. खपल्या तेलकट आणि मऊ असतील, केस एकमेकांना चिकटत असतील आणि डोक्यातही कोंडा असेल, तर हा पापणीचा कोंडाच म्हणायचा.

केसाच्या मुळाशी बाही घातल्यासारखे पारदर्शक, मेणचट वेष्टन दिसले तर ती डेमोडेक्सची खूण असते. डेमोडेक्स हा साध्या डोळ्यांना न दिसणारा किडा आहे. त्याची लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. वयाबरोबर तो बहुतेकांच्या त्वचेवर थोड्याफार संख्येने असतोच, त्यात अस्वच्छतेचा दोष नाही. संख्या फार वाढली तर खाज आणि सूज येते. ही खूण ओळखायला रुग्णाला खाली पाहायला सांगून वरच्या पापणीच्या केसांची मुळे बघावी लागतात. घाईच्या तपासणीत नेमके तेच राहून जाते.

मग येते मागची रांग, तेलग्रंथींची. तोंडांवर मेणासारखे बूच बसले आहे का, कडेवर बारीक लाल रक्तवाहिन्या उमटल्या आहेत का, अश्रूंत साबणासारखा फेस आहे का, हे पाहिले जाते. डॉक्टर बोटाने पापणी हलकेच दाबतात. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ, पातळ तेल येते. आजारी ग्रंथीतून गढूळ तेल किंवा टूथपेस्टसारखा घट्ट ऐवज येतो, नाहीतर काहीच येत नाही. या दोन-तीन प्रकारांची सरमिसळ एकाच रुग्णात असणेही नेहमीचेच आहे.

शेवटी अश्रूंची परीक्षा होते. पिवळा-नारिंगी रंग डोळ्यात लावून, पापणी न मिटता अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत तुटला तर थर कच्चा समजतात. त्याच रंगाने बुबुळावरचे ओरखडेही दिसतात. अश्रू पुरेसे बनतात का हे पाहायला खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवतात. जंतू ओळखण्यासाठी स्राव तपासायला पाठवण्याची गरज प्रत्येकाला नसते; सूज फार असेल किंवा औषधाला दाद देत नसेल तेव्हाच ती पडते.

दिसायला तसेच, पण वेगळे

पापणी सुजणे आणि पापणीची कड सुजणे यांत फरक आहे. सकाळी दोन्ही पापण्या फुगतात, पण खाज नाही, लाली नाही, खपल्या नाहीत, असे असेल तर मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा विचार करावा लागतो. तिथे डोळ्यांच्या थेंबांचा काही उपयोग नाही.

पापणीची त्वचा खरखरीत होऊन भयंकर खाजत असेल तर ती अॅलर्जी असू शकते. पापणीची कातडी फार पातळ असल्यामुळे हाताला किंवा केसांना लावलेल्या वस्तूची अॅलर्जीही तिथे उमटते. केसांचा आणि दाढीचा रंग, काळ्या मेंदीत मिसळलेले रसायन, नेलपॉलिश, अत्तर लावलेला हात, इतकेच काय, डोळ्यांत घालायच्या थेंबांतले टिकाऊपणाचे रसायनही याला कारण होते. ईदच्या किंवा लग्नाच्या गडबडीनंतर आठवड्यात पापण्या सुजल्या तर आधी काय काय लावले होते ते आठवावे.

केसांच्या मुळाशी उवा-लिखा चिकटलेल्या असू शकतात. त्या खपल्यांसारख्या दिसतात, स्लिट लॅम्पखाली मात्र ओळखू येतात. कपाळावर आणि पापणीवर एकाच बाजूला दुखणारे फोड आले तर ती नागीण असते. तिथे ताबडतोब डॉक्टर गाठावे.

गाफील राहू नये अशा खुणा

पापणीच्या तेलग्रंथींत क्वचित कॅन्सर होतो. सेबेशियस कार्सिनोमा हे त्याचे नाव. पाश्चात्य देशांत तो फार दुर्मीळ आहे. भारतात मात्र पापणीच्या कॅन्सरमध्ये त्याचे प्रमाण बरेच मोठे आहे. उतारवयात आणि वरच्या पापणीत तो जास्त आढळतो. त्याची फसवेगिरी अशी की तो कधी साध्या न दुखणाऱ्या गाठीसारखा दिसतो, तर कधी हुबेहूब ब्लेफरायटिससारखा. रुग्ण महिनोन्‌महिने थेंब आणि मलम लावत राहतो आणि आजार पसरत जातो.

म्हणून पुढीलपैकी काही दिसले तर विलंब नको: त्रास एकाच पापणीला आहे आणि औषधाने हटत नाही; कड जाड, कडक किंवा पिवळट झाली आहे; त्याच ठिकाणचे केस गळून गेले आहेत; शस्त्रक्रियेने काढलेली गाठ त्याच जागी परत आली आहे; न भरणारी जखम आहे किंवा रक्त येते. अशा वेळी डॉक्टर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. "बायोप्सी" हा शब्द ऐकून बुजुर्ग घाबरतात आणि घरचेही "राहू द्या" म्हणतात. खरे तर लवकर केलेली बायोप्सी बहुधा डोळा आणि जीव दोन्ही वाचवते.

नजर कमी होणे, तीव्र दुखणे, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, पापणी लाल-गरम होऊन ताप येणे किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, ही त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याची लक्षणे आहेत. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने तर लाल डोळ्यावर एक दिवसही घालवू नये.

चार दिवसांत बरे करणारी बाटली

थेंब घातल्यावर लाली झटपट गेली तर त्यात स्टेरॉइड असू शकते. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन ही नावे बाटलीवर शोधावीत. अनेक बाटल्यांत अँटिबायोटिकच्या जोडीला ते मिसळलेले असते. डॉक्टर काही दिवसांपुरते स्टेरॉइड देतात तेव्हा ते उपयोगीच असते. धोका आहे तो स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घालण्यात. काही माणसांत त्याने डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदू होतो. हा दाब दुखत नाही, कळत नाही, आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर येतो. बुबुळावर नागिणीच्या जातीचे विषाणू असतील तर स्टेरॉइडने ते बळावतात. अशी बाटली बरेच दिवस वापरली असेल तर डॉक्टरांना तसे सांगून डोळ्याचा दाब मोजून घ्यावा. एकाला दिलेली बाटली घरातल्या दुसऱ्याच्या डोळ्यात घालू नये.

सुरम्याबद्दल

आपल्या घरांत सुरम्याला आदराचे स्थान आहे, म्हणून हे स्पष्ट बोलायला हवे. बाजारात मिळणाऱ्या सुरम्याच्या अनेक नमुन्यांत शिसे आढळले आहे, कारण काळा चमकदार खडा म्हणून वापरले जाणारे गॅलिना हे शिशाचेच खनिज असते. जुन्या काळी ज्याला इस्मिद म्हणत तो अँटिमनीचा दगड समजला जातो; डबीवर तसे नाव असले म्हणून आत तेच असते असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. गरोदर स्त्रिया आणि मुलांना त्याचा धोका अधिक. पापणीच्या आजारात आणखी दोन अडचणी येतात. बारीक भुकटी तेलग्रंथींच्या तोंडाशी साचते, आणि एकच सलाई घरभर फिरली की जंतूही फिरतात. पापणीची कड सुजलेली असताना सुरमा आणि काजळ दोन्ही बंद ठेवावे. गुलाबजल, मध असले घरगुती प्रयोगही डोळ्यात करू नयेत. ते निर्जंतुक नसतात.

निदान झाल्यानंतर

हा आजार बहुतेकांत मुळापासून जात नाही, ताब्यात मात्र छान राहतो. हे आधीच समजले तर "औषध लागू पडत नाही" म्हणत डॉक्टर बदलत राहण्याची वेळ येत नाही.

उपचाराचा पाया रोजची निगा हाच आहे. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. कापड लवकर गार होते, म्हणून पुन्हापुन्हा भिजवावे. मग बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच चोळावी म्हणजे सैल झालेले तेल बाहेर येते. त्यानंतर उकळून कोमट केलेल्या पाण्यात बेबी शाम्पूचे काही थेंब टाकून, कापसाने केसांची मुळे पुसून घ्यावीत. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा. तयार ओले रुमालही मिळतात. सुरुवातीला हे दिवसातून दोनदा, बरे वाटल्यावर एकदा. वुजूचे पाणी चेहरा धुते, पण मिटलेल्या डोळ्यांच्या कडेवरच्या खपल्या त्याने निघत नाहीत. फजर आणि इशाच्या वुजूआधी हे करायची सवय लावली तर विसरायला होत नाही.

कारण पाहून डॉक्टर अँटिबायोटिक मलम, कृत्रिम अश्रू किंवा काही आठवडे डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या देतात. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत. ती भरपूर पाण्यासोबत घ्यावी आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. रमजानमध्ये सहरीला गोळी घेऊन झोपणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. डॉक्टरांना रोजे चालू असल्याचे सांगितले तर औषधांच्या वेळा त्याप्रमाणे बसवता येतात. दिवसा थेंब घालण्याविषयी मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे, पण शंकेपोटी इलाज अर्धवट सोडू नये.

निगा सुरू केल्यावर फरक दिसायला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस नेमाने निगा राखूनही त्रास तसाच राहिला, किंवा एकाच पापणीला राहिला, तर त्याच डॉक्टरांकडे पुन्हा जावे आणि विचारावे, "डॉक्टर, पापणीची कड पुन्हा एकदा बघाल का?"